गावच्या वाचनालयात चिमुकल्यांचा गोष्टीचा तास: तयारीपासून पुस्तक घरी जाईपर्यंत

गोष्टीचा तास म्हटला की आपल्याकडे एक ठरलेला प्रकार होतो. सतरंजीवर पन्नासेक पोरं बसवायची, पाहुण्यांनी माईक हातात घेऊन एक बोधकथा सांगायची, "तर बालमित्रांनो, यातून आपण काय शिकलो?" असं विचारायचं, बिस्किटाचे पुडे वाटायचे आणि बॅनरसमोर फोटो काढायचा. कार्यक्रम पार पडतो. पण मुलांच्या वाचनाशी त्याचा संबंध इतकाच, की तो वाचनालयात झाला. पुस्तक कोणी उघडलेलंच नसतं आणि मुलांच्या तोंडून "होऽऽ" यापलीकडे शब्द निघालेला नसतो.

हा लेख विदर्भातल्या गावांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा, पस्तीस मिनिटांचा तास घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. ग्रंथपाल, अंगणवाडी सेविका, बचत गटातली वाचनाची आवड असलेली ताई, सुट्टीत गावी आलेली कॉलेजची मुलगी, कोणीही तो घेऊ शकतं. पहिलीत जाण्याआधी मुलाच्या पदरात काही गोष्टी पडायला हव्यात. गोष्ट पानावरच्या त्या काळ्या खुणांत असते आणि त्या डावीकडून उजवीकडे जातात, हे त्याने पाहिलेलं असावं. बोलण्यातले आवाज सुटे करून ऐकता यावेत. शब्द भरपूर कानावर पडलेले असावेत आणि पाहिलेलं क्रमाने सांगता यावं. अक्षरं गिरवणं यात नाही, ते शाळा करेल.

१. वार, वेळ, जागा

खेड्यातलं वाचनालय बहुतेकदा एका खोलीचं. सकाळी पेपर वाचणारे आजोबा, नंतर दिवसभर स्पर्धा परीक्षेची पोरं. पंधरा चिमुकली एका सुरात म्यांव करायला लागली की पोलीस भरतीवाला पुस्तक आपटून बाहेर पडतो आणि तक्रार सचिवांकडे जाते. म्हणून आधी अभ्यासिकेतल्या मुलांशी बोला, त्यांच्या सोयीने तास ठरवा आणि वार-वेळ दारावरच्या फळ्यावर लिहून ठेवा. त्यांच्यातलाच एखादा पुढे चांगला वाचणारा निघतो.

वेळ शेतीच्या कामावरून ठरते. होळीनंतर पाऊस लागेपर्यंत सकाळी आठ ते नऊच, त्यानंतर ऊन पोरांना बाहेर पडू देत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आया सकाळीच शेतात गेलेल्या असतात, पोरं आजीजवळ असतात. तेव्हा निरोप आजीला द्यायचा, आईला नव्हे. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत हीच गत. ज्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, तिथे बाजाराच्या सकाळचा तास घेऊन पाहा. अंगणवाडीचा वेळ चुकवा, नाहीतर खिचडी आणि गोष्ट यांत गोष्ट हरते आणि हरायलाच हवी.

बसण्याची रचना अशी: तुमचं तोंड खिडकीकडे, मुलांची पाठ खिडकीकडे. उजेड पुस्तकावर पडतो आणि लाईन गेली तरी अडत नाही. दारही मुलांच्या पाठीमागे राहिलं तर उशिरा येणाऱ्यामुळे सगळ्या माना वळत नाहीत. मुलं सतरंजीवर, तुम्ही ठेंगण्या स्टुलावर. खुर्चीवर बसलात तर पुढच्या रांगेला फक्त पुस्तकाची खालची कड दिसते.

एका पुस्तकाभोवती बारा ते पंधरा मुलं. जास्त आली तर दोन गट करा, लागोपाठ दोन तास घ्या.

*तपासा:* शेवटच्या मुलाच्या जागी स्वतः बसा आणि कोणालातरी पुस्तक धरायला सांगा. चित्रातलं जनावर ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर सतरंजी पुढे ओढा.

२. पुस्तक निवडणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कपाटात असतात ती बारीक टायपातली, पानाला वीस ओळी आणि कोपऱ्यात एक काळंपांढरं चित्र असलेली पुस्तकं. मार्च तोंडावर आला की गठ्ठ्याने खरेदी होते आणि त्यात हीच येतात. ती आठ-दहा वर्षांच्या वाचणाऱ्या मुलांना द्या. चिमुकल्यांना पुढच्या कसोट्यांवर उतरलेलं पुस्तक हवं:

- चित्र पानभर, आणि मजकूर एका पानावर एक ते तीन ओळी.
- एखादी ओळ पुन्हा पुन्हा येणारी, म्हणजे तिसऱ्या वेळी मुलं स्वतःच म्हणतील.
- काहीतरी घडतं: शोधणं, लपणं, पडणं, अडकणं. नुसते गुण सांगणारं पुस्तक नको.
- शेवटी उपदेशाची ओळ असली तर ती न वाचता सोडता येईल असं.

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांच्याकडे अशी मराठी चित्रपुस्तकं मिळतात. पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत आणि छापून वापरायची परवानगी आहे. तिथे पुस्तकांना पातळ्या दिलेल्या असतात. आपल्याला पहिली आणि दुसरी पुरते. छपाई रंगीत आणि मोठ्या कागदावर करा, तालुक्याच्या ठिकाणी होते. शेवटचं पान फेकू नका, त्यावर लेखक, चित्रकार आणि परवान्याचा उल्लेख असतो. सुरुवातीला बारा चांगली पुस्तकं खूप झाली.

पुस्तक दाखल करताना शिक्का मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मारा. हत्तीच्या तोंडावर गोल शिक्का असला की पूर्ण तास "हे काय हाय?" यातच जातो.

*सावध:* मोबाईलवर किंवा टीव्हीवर गोष्टीचा व्हिडिओ लावणं म्हणजे गोष्टीचा तास नव्हे. व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही आणि पान उलटायला त्याचा हात लागत नाही.

३. आदल्या दिवशीची तयारी

पुस्तक मोठ्याने दोनदा वाचा. मनात नव्हे. कुठे जीभ अडखळते, कुठे वाक्य लांब आहे, ते तोंडाने वाचल्याशिवाय कळत नाही. आरसा नसला तरी चालेल, पण घरातलं एखादं माणूस समोर बसवा.

मग पेन्सिलीने फक्त तीन ठिकाणी खूण करा. इथे तुम्ही थांबणार आहात. पहिला थांबा पुढे काय होईल हे विचारायला, दुसरा परत परत येणारी ओळ अर्धी सोडून मुलांना पूर्ण करू द्यायला, तिसरा "तुझ्या घरी असं कधी झालं का?" यासाठी. प्रत्येक पानावर थांबलात तर गोष्टीची प्रश्नपत्रिका होते.

पुस्तकातले तीन शब्द निवडा, शक्यतो क्रियेचे: डोकावली, घसरला, कुजबुजले. नामं चित्रात दिसतात, क्रिया करून दाखवाव्या लागतात. तुम्ही त्या आधी करून बघा. गोष्टीत कापूस असेल तर सरकीसकट बोंड खिशात ठेवा, धान असेल तर लोंबी.

आता बोलीचा मुद्दा. पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, पोराची वऱ्हाडी किंवा झाडीबोली. यवतमाळात घरात कोलामी किंवा बंजारा, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. पुस्तक आहे तसंच वाचायचं, पण त्याच्याभोवतीचं बोलणं मुलाच्या बोलीत करायचं. पुस्तकात पेरू आला तर चित्रावर बोट ठेवून "हा आपला जांब" म्हणा आणि पुढे चला. तुम्हाला घरची भाषा येत नसेल तर एखाद्या आजीला किंवा थोरल्या बहिणीला आदल्या दिवशी चित्रं दाखवून महत्त्वाचे आठ-दहा शब्द विचारून घ्या. तासाला आधी त्यांनी चित्रांवरून घरच्या भाषेत गोष्ट सांगावी, मग तुम्ही मराठीत वाचावी. उलट क्रम केला तर मराठी न समजणारी मुलं पहिल्या पाच मिनिटांतच तुटतात.

*तपासा:* पिशवीत दोन पुस्तकं (एक नवं, एक मागच्या वेळचं), पाट्या, खडू, देवघेव नोंदवही. बस.

४. सुरुवात: पाच मिनिटं

दर आठवड्याला सुरुवात एकच ठेवा. नवं गाणं, नवा खेळ आणण्याची हौस इथे आवरा. लहान मुलाला ठरलेलं आवडतं. दोन ओळी स्वतः जुळवा. एक नमुना:

टाळी एक, टाळी दोन,
वाचनालयात आलं कोण?

मग एकेका मुलाचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी ते टाळ्यांवर तोडायचं. वै-ष्ण-वी, तीन टाळ्या. पा-यल, दोन. इथे शिकलेली माणसं हमखास चुकतात: "पायल" लिहिताना तीन अक्षरं म्हणून तीन टाळ्या वाजवतात. नाव जसं बोलतो तसं तोडा, हे काम कानाचं आहे. शब्दाचे असे तुकडे मुलाला आधी ऐकू येतात, क-ख-ग चे सुटे आवाज फार नंतर. नावं झाली की महिन्याभराने "प ने सुरू होणारं कोण कोण?" हाही खेळ सुरू करता येतो.

तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला हाकलू नका. तिला पानं उलटण्याचं काम द्या. वाचता येत असेल तर एखादी ओळ द्या.

५. वाचन: दहा मिनिटं

क्रम पाळा.

*कव्हर.* पुस्तक बंद ठेवून दाखवा. चित्रात काय दिसतं ते मुलांना सांगू द्या. मग नावाखालून बोट फिरवत नाव वाचा. "हे कोणी लिहिलं, ही चित्रं कोणी काढली" ते एका वाक्यात. पुस्तक माणसं लिहितात, ही गोष्ट मुलांना आपोआप कळत नाही.

*धरणं.* पुस्तक छातीच्या बाजूला, एका हाताने मध्यावर खालून धरा, पानं मुलांकडे. तुम्ही तिरकं वाचायचं. वाचून झाल्यावर "दिसलं का सगळ्यांना?" म्हणत पुस्तक गोल फिरवण्याची सवय सोडा, तोवर गोष्ट विझलेली असते. वाचतानाच चित्र समोर हवं. आणि परत येणाऱ्या ओळीखालून दर वेळी बोट फिरवा, फक्त त्याच ओळीखालून.

*आवाज.* नाटकी आवाजाची गरज नाही. हळू वाचा, ओळीच्या शेवटी दम घ्या. सशाचा आणि वाघाचा आवाज वेगळा काढता आला तर काढा, नाहीतर साधं वाचलेलं बरं. काही जण इतका अभिनय करतात की मुलं पुस्तकाऐवजी त्यांचं तोंड बघत बसतात.

*थांबे.* प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजा. ही पाच सेकंदं फार लांब वाटतात आणि नेमकं तिथेच आपण स्वतः उत्तर देऊन टाकतो. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न टाळा. उत्तर आलं की ते उचला, थोडं वाढवा आणि परत मुलाच्या तोंडी द्या. समजा चित्रात बकरी भिंतीवर चढून कोणाच्यातरी अंगणात बघते आहे:

"काय करून रायली बकरी?"

(एक, दोन, तीन, चार...)

"पाहून रायली."

"हो, भिंतीवरून डोकावून पाहून रायली. कशी डोकावते? करून दाखव."

(मान लांब करतो.) "अशी डोकावते."

"काहून डोकावते थे?"

"तिले पालक पायजे."

दोन शब्दांचं उत्तर होतं, त्याचं पूर्ण वाक्य झालं आणि "डोकावणं" त्याच्या अंगात गेलं. "पाहून रायली नाही, पाहत आहे म्हण" असं मध्येच सुधारलंत तर ते पोरगं महिनाभर तोंड उघडणार नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना असेच खुले प्रश्न विचारायला आणि उत्तर वाढवायला शिकवलं होतं. महिनाभरात ती मुलं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेली. पुस्तकं दोघांकडेही होती, फरक विचारण्यात होता.

एकच धीट पोरगा सगळी उत्तरं देतो, ही दर गावातली अडचण. "आता या बाजूचे सांगतील" असं म्हणा, किंवा उत्तर बोटाने दाखवायला सांगा. न बोलणारं मूल बोट दाखवतं, हे उत्तरच समजा.

*शेवट.* पुस्तक मिटा. तात्पर्य विचारू नका. "पुन्हा बघायचं पान कोणतं?" एवढं विचारा आणि ते पान उघडा. मुलं त्या पानावर जे बोलतात ते कुठल्याही तात्पर्यापेक्षा जास्त असतं.

*सावध:* मुलं चुळबुळ करायला लागली तर "शांत बसा" ओरडण्याआधी पुस्तकाकडे बघा. बहुतेकदा ते लांब असतं. मधली दोन पानं चित्रांवरून सांगून पुढे जा, कोणी दंड करत नाही.

६. हात-पाय, मग रेघोट्या

गोष्ट संपली की लगेच उठवा. निवडलेले तीन शब्द करून दाखवायचे: भिंतीवरून डोकावा, चिखलात घसरा, शेजाऱ्याच्या कानात कुजबुजा. पाच मिनिटं पुरतात.

मग मागच्या आठवड्याचं पुस्तक. यावेळी मुलं सांगतील, तुम्ही पानं उलटा. हा भाग वेळ उरत नाही म्हणून बहुतेक जण गाळतात; गाळायचंच असेल तर खेळ गाळा.

त्यानंतर पाट्या आणि खडू. गोष्टीतलं काहीही काढा, एवढंच सांगा. फळ्यावर "आदर्श" बकरी काढून देऊ नका, सगळ्या पाट्यांवर तीच येते. एकेका मुलाजवळ बसून "काय काढलं?" विचारा आणि ते जे बोलेल तेच खाली लिहा, त्याच्याच शब्दांत: बकरी पालक खाऊन रायली. मग बोट फिरवत वाचून दाखवा. आपण बोललो ते लिहिता येतं आणि लिहिलेलं परत तसंच वाचता येतं, हे त्या क्षणी दिसतं. शाळेतले कोणी हजर असतील तर भाषा दुरुस्त करण्याचा मोह त्यांना होतो. त्यांना आधीच सांगून ठेवा. "निपुण"च्या, म्हणजे लहान वर्गांतल्या वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या चाचण्या शाळेत आहेतच, इथे त्याची तालीम नको.

दर वेळी सगळ्या मुलांचं लिहून होत नाही. चार-पाच जणांचं करा, पुढच्या वेळी दुसऱ्यांचं.

७. पुस्तक घरी

पुस्तक घरी गेलं नाही तर आठवड्याची पस्तीस मिनिटं अपुरी आहेत. तरी चित्रपुस्तकं कुलपात राहतात, कारण "पोट्टे फाडतात". फाडतात, खरं आहे. फाटलेलं पुस्तक हा वापराचा खर्च समजा आणि कार्यकारी मंडळाकडून तशी मंजुरी आधीच घेऊन ठेवा, म्हणजे ग्रंथपालाच्या पगारातून भरपाईचा प्रश्न येत नाही.

कपाटाऐवजी खिडकीच्या गजांना सुतळी बांधा आणि पुस्तकं कव्हर समोर येईल अशी कपड्यांच्या चिमट्याने लावा, मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर. कणा दिसणारी रांग वाचता येणाऱ्यांसाठी असते. मूल स्वतः निवडेल, तुम्ही नोंदवहीत दाखल क्रमांक लिहाल, मूल आपल्या नावासमोर रेघोटी किंवा पहिलं अक्षर काढेल. ही रेघोटी टाळू नका, ती त्याची सही आहे.

घ्यायला आलेल्या आईला किंवा आजीला नेमकं काय करायचं ते सांगा. "वाचून दाखवा" म्हटलं की न वाचता येणारी बाई मान खाली घालते. त्याऐवजी: "चित्र दाखवा अन् इचारा, हे काय करून रायलं. थो सांगीन ते ऐका." एवढं सगळ्यांना जमतं. पुस्तकाबरोबर जुन्या साडीची शिवलेली पिशवी द्या. चुलीजवळ आणि पावसात पुस्तक सांभाळलं जातं.

खाऊ द्यायचा असेल तर इथे, पुस्तकं पिशवीत गेल्यावर. आधी दिला तर तेलकट बोटं पानांना लागतात आणि लक्ष पुड्यावर राहतं.

८. नोंद आणि पुढचा आठवडा

मुलं गेल्यावर पाच मिनिटं काढून वहीत लिहा: कोणतं पुस्तक, कुठे रंगलं, कुठे लक्ष उडालं, कोण अजिबात बोललं नाही. हजेरीपेक्षा शेवटचा रकाना महत्त्वाचा. सलग तीन तास एकच नाव तिथे आलं तर पुढच्या वेळी त्या मुलाला तुमच्या शेजारी बसवा आणि पान उलटायला द्या. प्रश्न विचारू नका. तरीही हाकेला मान वळत नसेल तर ऐकण्याची अडचण असू शकते. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगा, त्या तपासणीला पाठवू शकतात.

एक पुस्तक तीन आठवडे चालवा. पहिल्या आठवड्यात तुम्ही वाचता, दुसऱ्यात मुलं मध्ये ओळी भरतात, तिसऱ्यात ती सांगतात. मोठ्यांना कंटाळा येतो आणि "रोज तेच का?" असं अध्यक्षही विचारतात. मुलांना येत नाही. मागच्या वेळी तुम्ही एक ओळ गाळली असेल तर तीच पकडतात. दर आठवड्याला एक नवं सुरू होत राहिलं, की नवं, मधलं आणि ओळखीचं अशी तीन पुस्तकं कायम हाताशी असतात. त्यातली एका तासाला दोनच घ्या.

पोळा, तान्हा पोळा आला की त्या आठवड्यात बैलांचं पुस्तक शोधत बसू नका. मुलं आपापला लाकडी बैल घेऊन येतात, त्यांना त्याच्याबद्दल बोलू द्या, ते लिहून घ्या, कागद टाचून त्याचंच पुस्तक करा आणि सुतळीवर लावा. स्वतःचं वाक्य असलेलं पुस्तक सगळ्यात जास्त वेळा घरी जातं.

वेचणी जोरात असताना कधी चारच मुलं येतील. तास रद्द करू नका, एकदा रद्द झाला की पुढच्या वेळी आजी पाठवत नाही. पण त्या दिवशी नवं पुस्तक काढू नका. ओळखीचंच घ्या, चौघांनाही आळीपाळीने वाचणाऱ्याच्या स्टुलावर बसू द्या, आणि न आलेल्यांच्या घरी जाणारं पुस्तक शेजारच्या मुलाबरोबर पाठवा.